भरीव टाका

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या सत्रात आमच्या शाळेतील शिवणकामाच्या बाई प्रकृतीच्या कारणाने सहा आठवड्यांच्या रजेवर गेल्या, आणि दर शुक्रवारचे शेवटचे दोन तास, म्हणजे नववीच्या मुलींचा भरतकामाचा वर्ग, कोणी सांभाळावा असा प्रश्न उत्पन्न झाला. मुख्याध्यापिकाबाईंचे बोट वेळापत्रकावरून फिरत फिरत आमच्या नावापाशी येऊन थांबले. आम्ही गणित शिकवितो. शुक्रवारी त्या वेळी आम्हांस दुसरे काम नसते, एवढीच काय ती आमची पात्रता! "तुम्हांस काही शिकवावयाचे नाही; केवळ वर्गात बसावयाचे आहे," असे त्यांनी अभय दिले. आम्हीही वह्यांचा एक गठ्ठा काखेत घेऊन, तो तेथे निर्वेधपणे तपासून होईल अशा हिशेबाने, त्या वर्गात प्रवेश केला.

येथे वाचकांपाशी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आम्हांस त्या दिवसापर्यंत सुई धरता येत नव्हती. तुटलेले बटण लावण्यापलीकडे आमची मजल गेलेली नव्हती. याचे कारण घरचेच होते. आमच्या मातोश्री एका बोर्डिंगात मुलींचे कपडे शिवीत, आणि रात्री दिव्यापाशी बसून रुमालांच्या कोपऱ्यांवर गिऱ्हाइकांची आद्याक्षरे भरून देत. रुमाल डझनाच्या हिशेबाने येत आणि डझनाच्या हिशेबाने जात. आमची शाळेची फी, पुस्तके आणि पुढे कॉलेजचा बराचसा खर्च याच रुमालांतून निघाला. लहानपणी त्यांच्या शेजारी बसून आम्ही एखादा रुमाल उचलला, की त्या तो चटकन हातातून काढून घेत आणि म्हणत, "हे राहू दे. तू आपले पुस्तक घे." या शब्दांचा आम्ही आमच्या बुद्धीप्रमाणे अर्थ लावला. तो असा की, ज्यांस पुस्तक साधत नाही त्यांच्यासाठी सुई असते. पुढे आम्ही पदवी घेतली, मिशनच्या ट्रेनिंग कॉलेजात अध्यापनाचे शिक्षण घेतले, शिक्षकाच्या पेशात वीस वर्षे काढली. परंतु हा बालपणीचा समज तपासून पाहावा असे आम्हांस एकदाही सुचले नाही.

असो. पहिल्या शुक्रवारी मुली पांढऱ्या सुती कापडावर एक पान भरीत होत्या. आम्ही वह्या तपाशीत होतो. थोड्या वेळाने शेवटच्या बाकाभोवती मुलींची गर्दी जमलेली दिसली. त्या बाकावर बसणारी मुलगी आमच्या चांगल्या परिचयाची होती. तिचे नाव येथे देण्याचे प्रयोजन नाही. हा लेख ती वाचीलच. गणिताच्या तासाला ती कधी हात वर करीत नसे, आणि सहामाही परीक्षेत बीजगणितात तिला १०० पैकी १४ गुण मिळाले होते. तिच्या प्रगतिपुस्तकात आम्ही लाल शाईने शेरा मारला होता: "आकलन मंद. परिश्रमाचा अभाव." शेवटच्या बाकावर गोंधळ चालला असेल अशा समजुतीने आम्ही दरडावण्यासाठी उठलो.

गोंधळ नव्हता. तिने भरलेले पान पाहण्यासाठी मुली जमल्या होत्या. पान जेमतेम इंचभर लांबीचे होते; पण ते कापडावर काढलेले न वाटता कापडावर येऊन बसलेले वाटत होते. मध्यभागी फुगीर, कडांकडे उतरते, आणि पृष्ठभाग इतका गुळगुळीत की खिडकीतून येणारा उजेड त्याच्या एका अंगावर थांबून राहिला होता. आम्ही नकळत त्यावर बोट फिरविले.

"आत कापूस घातला आहेस काय?" आम्ही विचारले.

"नाही बाई. आतही टाकेच आहेत," ती म्हणाली. "आधी पोट भरायचे, मग वरून झाकायचे. भरीव टाका म्हणतात याला."

हा टाका दाखव, असे आम्ही म्हणताच तिने आमच्याकडे अशा नजरेने पाहिले, की जणू आम्ही तिला कोड्यात पकडण्याचा बेत केला आहे. आमच्या एका साध्या प्रश्नाची तिला भीती वाटावी, ही गोष्ट आमच्या लक्षात आली. पण त्या दिवशी आम्ही तिचा फारसा विचार केला नाही. कापडाचा एक तुकडा आणि लाकडी रिंग घेऊन आम्ही तिच्या शेजारी बाकावर बसलो.

प्रथम दोऱ्यापासूनच अडचणीस प्रारंभ झाला. वारंवार ओवणे नको म्हणून आम्ही चांगला दोन हात लांब दोरा तोडला. ती हळूच म्हणाली, "एवढा नको, बाई. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत पुरे. लांब दोरा कापडातून पुन्हा पुन्हा ओढला की झिजतो आणि गुंततो." सहापदरी दोऱ्यातून दोन पदर वेगळे काढावयाचे, तेही एकेक करून, दोन्ही एकदम ओढले की गाठ बसते. पुढे सुईचे नेढे! चाळिशी ओलांडलेल्या डोळ्यांस नेढे म्हणजे काय संकट असते, हे आमच्या वयाचे पालक जाणतातच. चष्मा कपाळावरून नाकावर आणून, चार वेळा नेम चुकवून, पाचव्या वेळी दोरा आत गेला तेव्हा सर्व वर्गाने सुटकेचा निःश्वास टाकला.

ज्या वाचकांस हा टाका शिकावयाचा असेल त्यांच्यासाठी त्याची रीत येथे देतो. कारण ती कठीण नाही. कापड रिंगेत ढोलकीच्या पुडीसारखे ताणून बसवावे. दोऱ्याला गाठ मारू नये. जो भाग पुढे झाकला जाणार आहे त्यात दोनतीन बारीक टाके घालून दोरा पक्का करावा. मग पानाच्या पेन्सिलीच्या रेषेवरून बारीक धावदोरा घालावा. ही पानाची कड. त्यानंतर पोट भरावे. पानाच्या लांबीच्या दिशेने लांब लांब टाके घालावेत. दोऱ्याचा बहुतेक भाग वर राहावा, खाली कापडाचे एकदोन धागेच उचलावेत. मध्ये टाके अधिक, कडेला विरळ, म्हणजे पानाला उतार येतो. अधिक उंची हवी असेल तर असे दोन किंवा तीन थर द्यावेत. शेवटी आच्छादन. हे टाके पोटाच्या वरच्या थराला आडवे पडले पाहिजेत. त्याच दिशेने घातले तर ते खालच्या टाक्यांच्या फटींत रुतून बसतात आणि सारी मेहनत वाया जाते. आरंभ पानाच्या मध्यापासून करावा. सुई कडेच्या किंचित बाहेरून वर काढावी, पान ओलांडून समोरच्या कडेबाहेर सरळ खाली न्यावी, आणि पुन्हा पहिल्या बाजूने वर आणावी. टाक्याला टाका लागून असावा. एकावर एक चढू नये, मध्ये फटही राहू नये. अर्धे पान टोकापर्यंत भरून झाले की पुन्हा मध्यावर येऊन उरलेले अर्धे देठापर्यंत भरावे. काम करताना दोऱ्याला पीळ चढतो. तेव्हा कापड पालथे धरून सुई मोकळी लोंबू द्यावी, म्हणजे पीळ आपोआप उतरतो.

इतके सांगण्यास सोपे. पण आमचे पहिले पान दोन शुक्रवारांनी पुरे झाले तेव्हा ते वाळलेल्या मिरचीसारखे दिसत होते. कापडही भोवताली चुरगळले होते. आमच्या शिक्षिकेने ते हातात घेतले. "चुकले" हा शब्द तिने उच्चारला नाही. तिने रिंग उलटी केली आणि ती मागील बाजू बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "बाई, तुमचे टाके बरोबर आहेत. तुम्ही दोरा ओढता फार. ओढला की आतले पोट दबते. टाका बसू द्यायचा, आवळायचा नाही."

पान उसवावे लागले. उसवल्यावर कापडाला भोकांची रांग दिसू लागली. तुकडा फुकट गेला असे आम्ही म्हणताच ती हसली, आणि त्या जागी नखाने उभे-आडवे हळूहळू घासू लागली. विणीचे सरकलेले धागे पुन्हा जागेवर आले आणि भोके दिसेनाशी झाली. "धुतल्यावर तर काहीच कळणार नाही," असे तिने आश्वासन दिले.

त्या रात्री आमच्या मनात एकच गोष्ट घोळत राहिली. तिने रिंग उलटी केली होती! आमची चूक समोरून दिसतच होती. ती कोणालाही दाखविता आली असती. परंतु दोरा कोठून कोठे गेला, हात कोठे अडखळला, हे मागील बाजूवरच लिहिलेले असते, आणि ते वाचल्यावाचून तिने मत दिले नाही. वीस वर्षे आम्ही वह्या तपाशीत आहोत. उत्तर चुकले की लाल फुली, आणि पुढचे उदाहरण. किती मुलींच्या वहीची मागील बाजू आम्ही पाहिली असेल?

दुसऱ्या दिवशी आम्ही तिची बीजगणिताची वही मागवून घेतली व दिव्यापाशी बसून पहिल्या पानापासून वाचली. तपासली नाही, वाचली. तासाभराने जे आढळले त्याने आम्ही थक्क झालो. पदे जुळविणे बरोबर, गुणाकार बरोबर, मांडणी स्वच्छ. चूक एकच होती, आणि तीच सर्वत्र होती. कंसाबाहेर वजा चिन्ह असता कंस सोडविताना ती आतील पहिल्याच पदाचे चिन्ह पालटीत असे. अ − (ब − क) याचे ती अ − ब + क असे न करता अ − ब − क करी. एवढ्या एका टाक्यापायी पुढील सारी उदाहरणे उसवली होती. विचारल्यावर कळले की सातवीत असताना विषमज्वराने ती महिनाभर अंथरुणावर होती, आणि कंस त्याच महिन्यात शिकविले गेले. नंतर कोणास विचारावे, तर वर्ग पुढे गेलेला. परिश्रमाचा अभाव तिच्या ठायी नव्हता. तो शेरा लिहिणाराच्या ठायी होता. त्यानंतरचे तीन शुक्रवार आमचा व्यवहार चोख चालला: पहिला तास तिने आम्हांस शिकवावे, दुसरा आम्ही तिला.

आम्ही पडलो पुस्तकी, त्यामुळे या टाक्याचे मूळ शोधण्यासाठी पुस्तके चाळल्यावाचून राहवेना. आयर्लंडमधील माउंटमेलिक या गावी १८२५ च्या सुमारास पांढऱ्या जाड सुती कापडावर पांढऱ्याच दोऱ्याने भरण्याची एक रीत निघाली. रंगाचा आधार नाही. कुंपणावरची रानफुले, पाने आणि फळे केवळ टाक्यांच्या उंचीने आणि तिच्या सावलीने दिसावयाची. आपल्या देशात लखनौच्या चिकन कामात तांदळाच्या दाण्यासारखा फुगीर 'मुर्री' आणि बाजरीच्या दाण्यासारखा 'फंदा' ही या टाक्याचीच भावंडे म्हणावीत. इंग्लंडातील मार्था एडलिन नावाच्या मुलीने १६६८ साली, वयाच्या आठव्या वर्षी, टाक्यांचा नमुनापट भरला आणि १६७१ साली भरतकामाने मढविलेली एक पेटी पुरी केली; या वस्तू लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जतन केलेल्या आहेत. आमच्या मुलींनी हे वय ध्यानात ठेवावे!

परंतु आमच्या समजुतीस खरा धक्का दिला तो जवळच्याच उदाहरणाने. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले व पुढे केडगाव येथे मुक्ति सदन उभारले. तेथे निराधार स्त्रिया शिवणे-विणणे शिकत, आणि त्याच आवारात छापखान्याचे खिळेही जुळवीत. रमाबाईंनी स्वतः केलेले बायबलाचे भाषांतर त्याच छापखान्यात छापले गेले. संस्कृतात पंडिता ही पदवी मिळविलेल्या त्या विदुषीस पुस्तक आणि सुई यांमध्ये वैर दिसले नाही. आम्हांस मात्र ते चाळीस वर्षे दिसत होते.

सहाव्या आठवड्यात ज्याची कल्पनाही नव्हती तो प्रसंग आला. त्या मुलीचे वडील शाळेत आले. गृहस्थ कष्टाळू आणि सरळ. एका कारखान्यात कामास आहेत. शाळा सोडल्याचा दाखला मिळावा असा अर्ज त्यांच्या हाती होता, आणि अर्जाबरोबर प्रगतिपुस्तक होते. आमच्या लाल शेऱ्यावर बोट ठेवून ते म्हणाले, "बाई, हे तुम्हीच लिहिले आहे ना? तुम्ही शिकलेली माणसे, खोटे लिहिणार नाही. मग आम्ही हिच्यावर आणखी खर्च का करावा? हिचा हात भरतकामात बरा आहे. घरी बसून चार पैसे मिळवील." ती दाराबाहेर उभी होती. तिने ते ऐकले.

आम्ही ज्या समजुतीत वाढलो होतो, तीच समजूत या सज्जन मनुष्याच्या तोंडून आमच्यापुढे उभी राहिली: पुस्तक साधत नाही, म्हणून सुई. आणि या वेळी तिला पुरावा आमच्याच हस्ताक्षराचा होता. शब्द सुचेनात. शेवटी आम्ही पिशवीतून दोन तुकडे काढून टेबलावर ठेवले. एकावर आमचे पान होते, दुसऱ्यावर तिचे. आमचे पान पाहून त्यांना हसू आवरले नाही. मग आम्ही त्यांस सांगितले की, हे पान भरणारीस सहा आठवड्यांपूर्वी सुई धरता येत नव्हती. जी मुलगी चाळिशीच्या बाईस शिकवू शकते, तीही एकदाही न चिडता, तिचे आकलन मंद असू शकत नाही. चूक कोठे होती हेही वही उघडून दाखविले. शेरा चुकीचा आहे, आणि तो आम्ही चौकशी न करता लिहिला, हे वाक्य उच्चारताना जीभ जड झाली. पण ते उच्चारले.

ते थोडा वेळ गप्प राहिले. "मग हे खोडा," ते म्हणाले.

प्रगतिपुस्तकातील शेरा खोडण्याची मुभा नसते. कापडाला पडलेले भोक नखाने घासून मिटते. कागदाचे तसे नाही. आम्ही त्या शेऱ्याखाली त्याच लाल शाईने लिहिले: "वरील मत अपुऱ्या माहितीवरून दिले होते. विद्यार्थिनी कष्टाळू व समजूतदार आहे," आणि तारीख घालून सही केली. गृहस्थांनी ते दोनदा वाचले आणि अर्ज घडी करून खिशात ठेवला. "वार्षिक परीक्षेपर्यंत पाहू," एवढेच ते बोलले.

वार्षिक परीक्षेत तिला गणितात ४६ गुण मिळाले. हा मोठा पराक्रम झाला असे आम्ही म्हणत नाही, आणि तीही म्हणत नाही. परंतु ती दहावीच्या वर्गात बसली आहे, आणि गणिताच्या तासाला तिचा हात अधूनमधून वर जातो. उत्तर दर वेळी बरोबर असते असे नाही.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही मातोश्रींकडे गेलो. त्यांची दृष्टी अलीकडे फार मंद झाली आहे, व सुई सुटून बरीच वर्षे झाली. आम्ही त्यांच्या नावाचे आद्याक्षर भरलेला एक रुमाल त्यांच्या हाती दिला. त्यांनी तो डोळ्यांशी नेला नाही. अंगठ्याने चाचपून पाहिला.

"पोट चांगले भरले आहेस," त्या म्हणाल्या. "डावी कड सैल आहे. कोणी शिकविले?"

एका विद्यार्थिनीने, असे सांगताच त्यांना फार आनंद झाला. तेव्हा धीर करून आम्ही विचारले, की लहानपणी त्या आमच्या हातातून काम का काढून घेत. सुईच्या कामाची त्यांना लाज वाटत होती काय? त्या चकित होऊन पाहू लागल्या.

"लाज? अगं, ते रुमाल दुसऱ्यांचे असत! तुझ्या हातांना घाम फार. एका रुमालाला डाग पडला तर सहांची मजुरी कापून जाई. माझा स्वतःचा कोरा रुमाल घरात एक असता, तर तुला तेव्हाच शिकविले नसते का?"

आम्ही काहीच बोललो नाही. ज्या एका वाक्यावर आम्ही आपल्या मनाची एवढी मोठी इमारत रचली, त्याचा अर्थ इतका साधा होता, आणि विचारण्यास आम्हांस चाळीस वर्षे लागली.

विद्यार्थिनींनो, कंस सोडविताना अडलात तर वर्ग पुढे गेला म्हणून गप्प राहू नका, विचारा. आणि पालकहो, आमच्या लाल शाईवर विश्वास जरूर ठेवा. परंतु ती वाचून झाल्यावर मुलीची वही एकदा मागवून घ्या, आणि शाळेत येऊन आम्हांसही ती उघडावयास लावा. मातोश्रींनी तो रुमाल आपल्या उशाशी ठेवला आहे. डावी कड सैल आहे ती तशीच राहू दे, असे त्यांनी आम्हांस बजावले आहे; पुढच्या सुट्टीत दुसरा कोरा रुमाल घेऊन येण्याची मात्र आज्ञा झाली आहे.